डासांचे त्रैराशिक

या सदरातून दर दिवाळीला मी वाचकांशी घरगुती गप्पा मारीत आलो आहे. कधी बिघडलेल्या चकलीच्या भाजणीवर लिहिले, कधी पेन्शनीच्या रांगेवर, कधी अकोल्याच्या उन्हावर. (उन्हावर दोनदा लिहिले, एका लेखात ते मावले नाही.) यंदा विषय डासांचा आहे. दारात आकाशकंदील लागलेला असताना हे काय अभद्र, असे म्हणून कुणी पान उलटू नये. गेल्या वर्षी आमचा दसरा दवाखान्याच्या बाकावर गेला आणि दिवाळी पथ्याच्या भातावर, ती या डासापायी. आणि ती तशी का गेली याचा हिशेब मला, चौतीस वर्षे शाळेत गणित शिकवलेल्या माणसाला, एका चोवीस वर्षांच्या पोरीने तिथीवार मांडून दाखवला.

आमची अक्का माझ्याहून पाच वर्षांनी मोठी, म्हणजे ऐंशी ओलांडलेली. दिलेली अमरावतीला, अंबादेवीच्या देवळापासून हाकेच्या अंतरावर. अमरावती ते अकोला अंतर ते केवढे? बडनेऱ्याला गाडीत बसावे, मूर्तिजापूर येईतो भुईमुगाच्या शेंगा संपतात आणि मांडीवरची टरफले झटकावीत तो अकोला. पण अक्का माहेरी येते ती अजूनही पहिल्या वर्षाची लेक यावी तशी. महालक्ष्म्यांना यायचे, पितृपक्षभर राहायचे, वडिलांच्या तिथीला आमटी स्वतः करायची, आणि सर्वपित्री अमावास्येच्या संध्याकाळी परत. कारण घटस्थापनेला अंबादेवीसमोर ती उभी नसली, तर देवी बसणारच नाही अशी तिची समजूत आहे.

गेल्या वर्षी ती अशीच गेली आणि ललितापंचमीला अमरावतीहून फोन आला. सणकून ताप, डोळ्यांच्या मागे ठणका, अंग कुटल्यासारखे. रक्त तपासले तर डेंग्यू. मी आणि सौ. पहिल्या गाडीने अमरावतीला पोचलो. दवाखान्यात ज्याच्या-त्याच्या तोंडी एकच शब्द, ‘पेशी’. तुमच्या पेशी किती? आमच्या काल कमी झाल्या, आज थोड्या वाढल्या. एरवी वांग्याचे भाव विचारावेत तशा स्वरात माणसे बाकावर बसून एकमेकांच्या पेशींची चौकशी करीत होती. कुणी पपईच्या पानांचा रस आणून देई, कुणी बकरीचे दूध सुचवी. चौथ्या-पाचव्या दिवशी ताप उतरला तेव्हा सौ.नी देवीला पेढे बोलून टाकले. तर डॉक्टर म्हणाले, “खरी काळजी आता दोन दिवस. या दुखण्यात ताप उतरतो तेव्हाच रक्तातले पाणी झिरपून बाहेर जाण्याची भीती असते.” ते दोन दिवस मी विसरू म्हणता विसरणार नाही. अक्काचा हात हातात घेतला तर तो थंडगार, आणि ती मला क्षीण आवाजात सांगत होती, “बाळ्या, मोरीतला नळ टपकतो आहे बघ तुझ्याकडे. पाणी फुकट जातं.”

देवीने म्हणा, सलाईनने म्हणा, अक्का वाचली.

अक्काची नात ऋता अमरावतीच्या विद्यापीठात गणित शिकते. संत गाडगेबाबांच्या नावाचे हे विद्यापीठ. बाबांच्या हातात खराटा असे, हिच्या हातात संगणक. पण घाण कुठे आहे हे आधी शोधायचे, एवढा धर्म दोघांचा एक. तिचा अभ्यासाचा विषय म्हणजे डासांमुळे पसरणाऱ्या रोगांची समीकरणे. दवाखान्याच्या जिन्यात बसून ती वहीत काही लिहीत होती. मला वाटले औषधांचा खर्च मांडते आहे. मी डोकावलो तर उभ्या रेघेवर तिथी.

“मामाआजोबा,” ती म्हणाली, “डेंग्यूचा डास चावल्यापासून ताप यायला साधारण चार ते दहा दिवस लागतात. आजीला ताप आला पंचमीला. म्हणजे डास चावला तो वद्य दशमीपासून प्रतिपदेपर्यंत केव्हा तरी. त्या सात दिवसांपैकी सहा दिवस आजी कुठे होती?”

अकोल्याला. माझ्या घरी.

“आता आणखी मागे जा. डास जन्मतः काही हा रोग घेऊन फिरत नाही. त्याने आधी कुणा आजाऱ्याला चावायला हवं. मग त्याच्या पोटातला विषाणू सोंडेपर्यंत पोचायला आठ ते बारा दिवस. म्हणजे पितृपक्ष लागला त्या आठवड्यात तुमच्या गल्लीत कुणाला तरी ताप होता. आणि हा डास काही फार लांब उडत नाही. शे-दोनशे पावलांत त्याचं आयुष्य संपतं.”

मला एकदम समोरच्या माडीवरचा मुलगा आठवला. अकोल्याला हल्ली शिकवण्यांसाठी खेड्यापाड्यांतून मुले येऊन खोल्या घेऊन राहतात, त्यांतला एक. त्याला ताप आला आणि तो गावी निघून गेला. आम्हांला हे कळले ते इतकेच, की शेजारच्या काकूंकडचा त्याचा डबा आठवडाभर बंद होता. पुढे तो बरा होऊन आला आणि आम्ही ते विसरून गेलो.

“आणि तो डास जन्मला केव्हा?” मी विचारले. खरे तर मला विचारायचे नव्हते.

“अंड्यापासून पंख फुटेपर्यंत उबदार हवेत आठ-दहा दिवस. म्हणजे महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या सुमारास कुठे तरी अंडी घातली गेली.”

महालक्ष्म्यांच्या दिवशी आमच्याकडे चाळीस पाने उठली होती. सोळा भाज्या, आंबील, पुरण. आणि त्याच दिवशी घरात कुठे तरी पाण्याच्या काठाला हे दुसरे पाहुणे येऊन बसले.

इथे मला एक गोष्ट कबूल केली पाहिजे. श्रावणात घरोघर फिरणारा एक मनुष्य विजेरी घेऊन आमच्या दारात आला होता. त्याने हौदात उजेड टाकला आणि म्हणाला, “मास्तर, हौद रिकामा करून घासा. अळ्या आहेत.” मी त्याच्याशी भांडलो. अकोल्यात नळ रोज येत नाही. चार दिवसांनी, सहा दिवसांनी, उन्हाळ्यात कधी त्याहूनही उशिरा. वऱ्हाडाबाहेरच्या वाचकांना सांगायला हवे, की पूर्णेच्या खोऱ्यातला हा सगळा खारपाणपट्टा. अकोला, अमरावती, बुलढाणा या जिल्ह्यांतल्या शेकडो गावांत विहीर खणली तर खारे पाणी लागते; ते पिता येत नाही आणि पिकालाही धड चालत नाही. म्हणून इकडच्या माणसाच्या मनात गोड पाण्याविषयी जी माया असते, ती पुण्या-मुंबईच्या माणसाला कळायची नाही. आमच्याकडे कामाला येणाऱ्या शांताबाई पूर्णाकाठच्याच. त्या तर पदर खोचून पुढे झाल्या. “माय वं! येवढं गोड पानी कोनी फेकून देते काय? तुमाले नाही लागत, आमाले लागते!” तो बिचारा औषधाचे चार थेंब टाकून, दारावर खडूने खूण करून निघून गेला. त्याचे बरोबर होते आणि आमचेही चूक नव्हते. अशा भांडणातून निघायला वाट लागते, आणि ती वाट मला ऋताने दाखवली. पण ते पुढे सांगतो.

आधी त्या माणसाबद्दल सांगायला हवे, ज्याने डासांना पहिल्यांदा बीजगणित लावले. रोनाल्ड रॉस हा गोरा लष्करी डॉक्टर जन्मला आपल्याकडेच, अल्मोड्याला, १८५७ च्या मे महिन्यात, म्हणजे ऐन बंडाच्या धामधुमीत. १८९७ सालच्या २० ऑगस्टला सिकंदराबादेला त्याला डासाच्या पोटात मलेरियाचे जंतू दिसले. हुसेन खान नावाचा मलेरियाचा रोगी अंगावर डास बसू देई आणि दर डासामागे एक आणा घेई. दहा आण्यांत जगाला एवढे मोठे ज्ञान स्वस्तच पडले. १९०२ साली रॉसला नोबेल पारितोषिक मिळाले. हे सगळे शाळेच्या पुस्तकात असते.

मला मास्तर म्हणून त्याचे दुसरे काम अधिक मोठे वाटते, आणि ते शाळेच्या पुस्तकात नसते. डास मारा म्हणजे मलेरिया जाईल, असे तो सांगत फिरे, आणि लोक त्याला हसत. लाहोरजवळच्या मियाँमीर छावणीत डबकी बुजवून पाहिली, तरी डास आले आणि तापही आला. सगळे डास मारणे कुणाला शक्य आहे, असा विरोधकांचा सवाल. १९०८ साली मॉरिशस बेटावरच्या मलेरियाचा अहवाल लिहिताना, आणि पुढे १९११ च्या आपल्या ग्रंथाच्या आवृत्तीत, रॉसने या सवालाला आकड्यांनी उत्तर दिले: सगळे डास मारण्याची गरजच नाही.

का नाही, ते पाहा. एका आजारी माणसापासून, डासांमार्फत, किती नव्या माणसांना रोग होतो ते मोजा. एकामागे दोन झाले, तर दोनाचे चार, चाराचे आठ. एकामागे अर्धाच झाला, तर शंभराचे पन्नास, पन्नासाचे पंचवीस, आणि रोग आपोआप विझतो. सगळा खेळ त्या ‘एक’ या आकड्याच्या वर की खाली एवढ्याचाच. करोनाच्या साथीत हा आकडा रोज वर्तमानपत्रात येई, तेव्हा वाचकांना तो ओळखीचा असेल. रॉसने आपल्या अंदाजाने हिशेब केला, तेव्हा दर माणशी सुमारे ४० डासांच्या खाली संख्या आली की मलेरिया टिकत नाही, असे उत्तर आले. आकडा गावोगाव बदलेल. पण असा एक उंबरठा असतो, ही गोष्ट बदलत नाही. डास उरले तरी चालतील, रोग उरणार नाही.

आपल्या मुंबईचाही या विद्येला हात लागलेला आहे, जरी तो डासांच्या नव्हे, उंदरांवरच्या पिसवांच्या निमित्ताने. मॅकेन्ड्रिक हा रॉसचा तरुण सहकारी पुष्कळ वर्षे हिंदुस्थानात नोकरीला होता. पुढे एडिंबरोला त्याने आणि कर्मॅक या रसायनशास्त्रज्ञाने साथीच्या गणितावर १९२७ साली जो निबंध लिहिला, तो आजही या विषयाचा श्रीगणेशा मानतात. (कर्मॅक १९२४ साली प्रयोगशाळेतल्या स्फोटात आंधळा झाला होता, पुढची समीकरणे त्याने डोक्यात धरून केली.) आणि आपले गणित पडताळायला त्यांनी आकडे घेतले ते १९०५-०६ सालच्या मुंबईच्या प्लेगचे, दर आठवड्याच्या मृत्यूंचे. गिरगावात, मांडवीत घरे ओस पडली, त्यांची ती वक्ररेषा जगभरची पोरे आजही गिरवतात. त्यात आपल्या कुणाच्या पणजोबांचा एक ठिपका असेल.

पण माझे डोळे उघडले ते रॉसनंतरच्या माणसाने, लंडनच्या रॉस इन्स्टिट्यूटच्या जॉर्ज मॅक्डोनल्डने. त्याने १९५० नंतरच्या दशकात विचारले, डास किती, यापेक्षा डास किती दिवस जगतो, हे महत्त्वाचे नाही काय? ऋताने हे मला दवाखान्याच्या उपाहारगृहात, चहाच्या कपाखालच्या कागदावर करून दाखवले. मीही ते तसेच मांडतो. गणिताचे वावडे असलेल्यांनी ते बाजारहिशेब म्हणून वाचावे.

शंभर डास घ्या. त्यांतले दर शेकडा दहा रोज मरतात असे धरा. रोग पसरवायला डासाने चावल्यावर आणखी दहा दिवस जगले पाहिजे. तर दहा दिवसांनी शंभरातले किती उरतील? चक्रवाढ व्याजाचाच हिशेब, पण उलटा. उत्तर येते ३५. आता समजा काही तरी उपाय करून रोज दहाऐवजी वीस मरू लागले. दहा दिवसांनी उरतात फक्त ११. शिवाय जे उरले, त्यांचे पुढचे आयुष्यही निम्म्याहून कमी झालेले. दोन्ही मिळून धोका सुमारे सातव्या हिश्शावर येतो. उलट, रोजचे मरण तेवढेच ठेवून नुसती डासांची संख्या निम्मी केली, तर धोका निम्माच होतो. म्हणजे तरुण डास कितीही कानाशी गुणगुणले तरी ते निरुपद्रवी, आणि भीती सगळी म्हाताऱ्या डासिणीची! (चावते ती मादीच. हे वाक्य वाचून आमच्या सौ.नी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले, म्हणून पुढे जातो.)

हा हिशेब कळला आणि मला माझे लहानपण कळले. १९५३ साली देशात मलेरिया नियंत्रणाची योजना सुरू झाली तेव्हा वऱ्हाड मध्य प्रदेशात होते आणि राजधानी नागपूर होती. १९५८ साली नियंत्रणाची योजना निर्मूलनाची झाली, तोवर आम्ही मुंबई राज्यात गेलो होतो. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांचा. जुन्या शहरात मोर्णेच्या काठी आमचे घर. पाठीवर पंप घेतलेली माणसे येत, भांडीकुंडी अंगणात काढायला लावीत आणि भिंतींवर डी.डी.टी. मारून दारावर तारीख रंगवून जात. मला कोडे पडे, की डास उडतो हवेत, मग ही माणसे भिंतीला का औषध पाजतात? आता उलगडा झाला. मलेरियाची डासीण रक्त पिऊन जड होते आणि पचवायला भिंतीवर बसते. प्रत्येक जेवणानंतर तिने विषाच्या भिंतीवर बसायचे, म्हणजे म्हातारपण तिच्या नशिबी येत नाही. डास पिढ्यान् पिढ्या जन्मोत, म्हातारे होऊ नयेत, एवढेच त्या फवारणीचे काम होते. आमच्या आजीला हे कोण सांगणार? तिने देवघराला फवारणी करू दिली नाहीच, आणि माणसे गल्लीच्या वळणावर दिसेनाशी होताच स्वयंपाकघराच्या भिंती शेणामातीने सारवून काढल्या. डी.डी.टी. आत, सारवण वर! ढेकूण मेले तेवढे मात्र तिला पसंत पडले.

आजीसारख्या हजारो आज्या असूनही त्या योजनेने जे केले ते अद्भुत होते. स्वातंत्र्याच्या वेळी देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना मलेरिया होई आणि आठ लाख दगावत, असा अंदाज आहे. आमचे एक काका जंगल खात्यात होते. त्यांची मेळघाटात बदली झाली तेव्हा काकूंनी ट्रंकेत कपड्यांच्या आधी कुनैनची बाटली ठेवली होती. १९६१ साली नोंदलेले रोगी राहिले सुमारे पन्नास हजार. साडेसात कोटींचे पन्नास हजार! लोकांना वाटले संपले. फवारणी सैल झाली, औषधाला न मरणारे डास निपजले, रक्ताचे नमुने तपासण्यावाचून पडून राहिले. १९७६ साली आकडा पुन्हा चौसष्ट लाखांवर गेला. रॉसच्या उंबरठ्याचे गणित असे निर्दय आहे. एकामागे वीस होत असतील आणि तुम्ही शेकडा नव्वद काम केलेत, तरी एकामागे दोन उरतात, आणि दोन म्हणजे पुन्हा दोनाचे चार. परीक्षेत नव्वद गुणांना पेढे मिळतात, इथे नापास.

कोजागिरीच्या आधी ऋता आमच्याकडे अकोल्याला आली. हातात विजेरी, एक वही, बाटल्या आणि आमच्याच चहाची गाळणी. गल्लीत बावीस घरे. कुणी दार उघडले, कुणी खिडकीतूनच नाही म्हटले, पण म्हाताऱ्या मास्तराला पुढे घातल्यावर सगळ्यांना नमते घ्यावे लागले. निम्मी गल्ली माझ्या हातची छडी खाल्लेली. पाच घरांपुढे तिने फुली केली. शंभर घरांत किती घरी अळ्या सापडतात त्याला घर निर्देशांक म्हणतात, आणि शंभर घरांमागे अळ्या असलेली भांडी किती, त्याला ब्रेटो निर्देशांक. आमच्या गल्लीचा घर निर्देशांक तेवीसच्या आसपास निघाला.

पण तिला तेवढ्याने समाधान नव्हते. “अळ्या शंभर असल्या तरी पुष्कळ मरतात. पंख फुटण्याआधीचे कोश मोजायला हवेत. गावभर भांडी हजार असतात, पण बहुतेक डास निघतात ते थोड्याच भांड्यांतून. ती सापडली की काम झालं.”

आमच्या हौदात कोश निघाले मोजून चार. मी विजयाने शांताबाईंकडे पाहिले. मग ऋता मागच्या खिडकीशी गेली. तिथे आमचा कूलर. अकोल्याचा उन्हाळा ज्याने भोगला आहे त्याला कूलर म्हणजे काय ते सांगायला नको. तो चैत्रात बसतो, मृगापर्यंत घरचा कर्ता असतो आणि पाऊस पडला की त्याच्याकडे कुणी ढुंकून पाहत नाही. तळाशी पाणी राहिले होते, पावसाचे आणखी पडले होते, वर वाळ्याची सडकी ताटी. तिने गाळणी बुडवून बाहेर काढली आणि पांढऱ्या बशीत उलटी केली. बशी वळवळत होती. ती मोजू लागली, साठापर्यंत मोजले आणि थांबली.

त्या खिडकीच्या आतल्या अंगाला अक्काचा पलंग असतो. दुपारी ती तिथेच पडते, आणि हा डास चावतो तो दिवसाच.

मी म्हणालो, “ऋता, म्हणजे मीच—” ती म्हणाली, “मामाआजोबा, तसं सिद्ध करता येत नाही. गणित शक्यता सांगतं, गुन्हेगार सांगत नाही.” पोर हुशार आहे आणि मायाळूही आहे. पण बशी मी पाहिली होती.

मग तिने मला वाट सांगितली. डेंग्यूची डासीण पलंगाखाली, खुंटीवरच्या कपड्यांत, पडद्यामागे बसते. भिंतीच्या औषधाला ती फारशी सापडत नाही. रस्त्यावरून धूर सोडीत जाणारे यंत्र असते, त्याच्या मागे पोरे धावतात आणि नगरसेवकाचे नाव होते, पण त्या धुराने बाहेरचे उडते डास तेवढे मरतात आणि चार दिवसांनी नवे हजर. (हे मत तिच्यापेक्षा माझे अधिक आहे.) म्हणून तिला जन्मतःच गाठायचे. अंड्यापासून पंखापर्यंत आठ-दहा दिवस, म्हणून दर सात दिवसांनी पाणी मोडायचे. ‘आठवड्यातून एक कोरडा दिवस’ अशी सरकारी पाटी मी वर्षानुवर्षे वाचत होतो आणि तो सात आकडा कुण्या कारकुनाने रविवार पाहून ठरवला असेल असे समजत होतो. त्यामागे हे गणित आहे. आणि नुसते ओतून चालत नाही. ही अंडी पाण्याच्या रेषेवर, भांड्याच्या अंगाला चिकटलेली असतात, कोरडी पडली तरी महिनोन् महिने जिवंत राहतात आणि पाणी लागले की फुटतात. काथ्याने खरडून घासायला हवे.

“पण नळ?” मी म्हणालो.

“नळ येण्याच्या आदल्या संध्याकाळी हौदात पाणी सर्वांत कमी असतं ना? तेव्हा घासा. उरलेलं बादलीत काढा, कपड्याने गाळून. एक थेंब फेकू नका. नळ लांबला तर हौदाच्या तोंडाला धोतराचं दुहेरी कापड घट्ट बांधा. अंगणातल्या मोठ्या टाक्यात गप्पी मासे सोडा.”

एवढे सोपे होते. श्रावणात त्या विजेरीवाल्याला हे सांगता आले नाही आणि मला विचारता आले नाही. दोघेही फेकावे की ठेवावे यावरच भांडत राहिलो. शांताबाईंनी मात्र एका वाक्यात निकाल दिला: “असं हाय तं मंग पयलेच सांगाचं ना बाप्पा!”

ऋताच्या संगणकात एक खोटी गल्ली आहे. तीत खोटी घरे, खोटे हौद, खोटे डास. नळ चार दिवसांआड ठेवला तर काय, आठ दिवसांआड ठेवला तर काय, दहा घरे घासतात आणि एक घासत नाही तर काय, हे ती त्यात करून पाहते. माझ्यासारख्या जुन्या माणसाला यात थोडा अविश्वास वाटतो. डास रोज शेकडा किती मरतात हा आकडा अखेर कुणी तरी अंदाजानेच घातलेला. हे मी तिला बोललो. ती म्हणाली, “अंदाज थोडा बदलून पुन्हा करून बघायचं. उत्तर पार उलटलं तर गप्प बसायचं, नाही उलटलं तर सांगायचं.” मला हे प्रामाणिकपणाचे वाटले. आपण माणसांबद्दलची मते इतक्या काळजीने तपासत नाही.

जगात पुढे काय काय चालले आहे तेही तिच्याकडून कळते. इंडोनेशियातल्या योग्यकर्ता शहरात डासांनाच एक निरुपद्रवी जिवाणू लावून सोडले, त्यामुळे त्यांच्या पोटात डेंग्यूचा विषाणू वाढेना. २०२१ साली निकाल प्रसिद्ध झाला, तिथला डेंग्यू शेकडा ७७ ने घटला. आपल्याकडेही पुदुचेरीच्या संशोधन केंद्राने तसे डास तयार केले आहेत. ते अकोल्याला येतील तेव्हा येतील. तोवर काथ्या.

यंदा आमच्या गल्लीत आषाढापासून दर नळाच्या आदल्या संध्याकाळी घासण्याचा आवाज येतो. सगळ्या घरांतून येतो असे म्हणणार नाही. दोन घरे अजून दार उघडत नाहीत. समोरच्या माडीवरच्या मुलाने आपल्या मोबाईलवर गल्लीचा नकाशा केला आहे आणि फुल्या तो भरतो. कूलर मी पहिल्या पावसालाच उतरवला, पुसला, उन्हात वाळवला आणि पालथा घालून माळ्यावर टाकला.

तरी एक धाकधूक राहिलीच. डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. एक होऊन गेला की तो प्रकार पुन्हा होत नाही, पण दुसऱ्या प्रकाराचा डास चावला तर दुसरे दुखणे पहिल्याहून वाईट जाण्याची भीती असते. ही गोष्ट कळल्यापासून मी यंदा महालक्ष्म्यांना अक्काला बोलावलेच नाही. गुडघ्याचे निमित्त सांगितले, तिच्या नव्हे, माझ्या. ऐंशी वर्षांत पहिल्यांदा अक्का महालक्ष्म्यांना माहेरी आली नाही. सौ.नी तिचे पान वाढून गाईला घातले आणि दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत.

परवा अक्काचा फोन आला.

“बाळ्या, गुडघा कसा आहे?”

“बरा आहे.”

“खोटं बोलू नकोस. ऋतानं सगळं सांगितलं मला. हौद घासतोस का?”

“घासतो.”

“कोश किती निघाले यंदा?”

मी थक्क झालो. “गेले पाच आठवडे एकही नाही.”

“मग मी भाऊबीजेला येते आहे. दुपारी मच्छरदाणीत झोपेन. आईची ती जुनी मच्छरदाणी आहे ना माळ्यावर, कूलरच्या मागे? ती काढून ठेव. आणि मोरीतला नळ दुरुस्त केलास का?”

मच्छरदाणी काढली आहे. एका कोपऱ्याला उंदराने कुरतडली आहे. शांताबाई ओसरीत बसून तिला ठिगळ लावीत आहेत. नळ अजून टपकतो आहे, प्लंबर दिवाळीनंतर येतो म्हणाला. तूर्त खाली बादली ठेवली आहे, आणि ती रोज संध्याकाळी ओततो.